जमीन विकली तर दशमांश कशावर काढायचा?

मार्कंडेयकाठ
सगळ्यांना जय ख्रिस्त. वाचतोय बरेच दिवस, लिहायला आज बसलो.

बेळगाव शहराच्या पश्चिमेला आमची आज्याच्या वेळची २६ गुंठे जमीन आहे. आधी भात, मग बटाटा-रताळी, आणि गेली चार वर्षं नुसतं गवत. शेजारच्या शेतात लेआउट पडला आणि आमच्या बांधावर रोज एक नवी गाडी थांबायला लागली. गणपतीनंतर एका पार्टीशी बोलणं झालं, संचकार, म्हणजे विसार, द्यायला ते तयार आहेत. आकडा बायकोला सांगताना मी आधी दार लावून घेतलं, यावरून समजा.

घरात देवळाला दशमांश देणं बाबांपासून आहे. बाबा शाळेत शिपाई होते. पगार आला की आई त्यातला दहावा हिस्सा काढून पाकिटात घालायची आणि पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. वाण्याची उधारी त्यानंतर. मीही तेच करत आलोय. आता प्रश्न असा, की जमिनीच्या पैशावर दशमांश लागतो काय? लागत असेल तर सगळ्या रकमेवर, की कर आणि दलाली जाऊन उरेल त्यावर? ही कमाई धरायची, की जमीन होती तिचे पैसे झाले एवढंच? दादा म्हणतो एकरकमी देऊन टाकू, देवळात बाबांच्या नावाची संगमरवरी पाटी लागेल.

खरं सांगायचं तर पगारातले साडेचार हजार काढताना हात कधी अडला नाही. आता तेच दहा टक्के लई वाटायलेत.

शहापुरी
अभिनंदन! पहिला दशमांश या धाग्याला द्यावा. कुंदा चालेल.

दोन_दमड्या
बायबलात लेवीय २७:३० मध्ये दहावा भाग सांगितलाय तो भूमीच्या उत्पन्नाचा, धान्याचा आणि झाडांच्या फळांचा. भूमीच्या किमतीचा नाही. त्या व्यवस्थेत जमीन कायमची विकताच येत नव्हती, पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत जायची (लेवीय २५). म्हणजे तुम्ही विचारताय तो प्रश्न मोशेच्या काळात कुणाला पडलाच नसता.

रविवारची_घंटा
मलाखी ३:१० वाचा, सगळं स्पष्ट आहे. पूर्ण दशमांश भांडारात आणा, मग आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही बघा. देवाशी हिशेब घालत बसणं मला पटत नाही. सगळ्या रकमेवर द्या, मोकळे व्हा.

उद्यमबागी
खिडक्या उघडणाऱ्यांचं सांगू नका ओ. आमच्या मावशीनं मोबाईलवर प्रवचन ऐकून स्क्रीनवरच्या क्यूआरवर ११ हजार पाठवले. 'बी पेरा, शंभरपट घ्या.' मुलाच्या व्हिसाचं काम होतं. व्हिसा नाही आला तर त्यांच्याकडून उत्तर काय, तर विश्वास कमी पडला, अजून एकदा पेरा. बी बियाण्याच्या दुकानातलं असतं तर पावती घेऊन भांडायला तरी गेलो असतो.

रविवारची_घंटा
@उद्यमबागी, त्या लोकांचं मी समर्थन करत नाही. पण चोरांनी वचन वापरलं म्हणून वचन खोटं होत नाही.

मलप्रभा
आम्ही खानापूरचे कॅथलिक, आमच्यात दशमांशाची एवढी सक्ती नाही. पण पैशाचं भूत आमच्याकडे फेस्ताला, म्हणजे संताच्या सणाला, येतं. फेस्ताचा खर्च उचलतो तो प्रेजिदेंत. एका वर्षी एकानं बँड आणला की पुढच्या वर्षीच्याला दोन बँड आणि दारूकाम हवंच. गोव्यातून, गल्फातून आलेला पैसा तीन दिवसांत धूर होऊन जातो आणि संत बिचारा अंबारीत बसून बघत असतो. गेल्या फेस्ताला फादरांनी मिस्सेत विचारलं, हे फेस्त नक्की कुणाचं? सगळे मान खाली घालून हसले. संध्याकाळी पुन्हा दारूकाम.

सीए_वहिनी
करापुरतं बोलते. आधी जमीन पालिकेच्या हद्दीपासून किती लांब आहे ते बघा. एक लाख ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराला हे अंतर ६ किलोमीटर धरतात, तेही सरळ रेषेत, रस्त्यानं नव्हे. बेळगाव २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आत होतं, म्हणजे याच गटात. त्या आतली शेतजमीन करासाठी शेतजमीन मानत नाहीत आणि नफ्यावर कर बसतो. बाहेरची असेल तर प्रश्नच मिटला. आज्याच्या वेळची आहे म्हणून खरेदी किंमत शून्य धरू नका, २००१ सालचं मूल्यांकन काढून घ्या.

आणि एक भोचक प्रश्न. तुम्ही सांगताय तो आकडा खरेदीखतावरचा आहे, की 'सगळा मिळून'चा?

शहापुरी
वहिनींनी वर्मावर बोट ठेवलं. दशमांश पांढऱ्यावर की काळ्यावर?

तंबाखूपंढरी
निपाणीत असला प्रश्न कोण विचारत नाही, सगळ्यांना उत्तर ठाऊक असतंय.

कॅम्पकर
मला वाटतं आपण श्रीमंतीला उगाच शिव्या घालतो. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे येशूचं वाक्य सगळे सांगतात, पण यरुशलेमला 'सुईचं नाक' नावाचं एक लहान दार होतं. उंटावरचं ओझं उतरवलं, त्याला गुडघ्यावर बसवलं की तो आत जायचा. म्हणजे श्रीमंतानं नम्र व्हावं, एवढाच अर्थ.

दोन_दमड्या
@कॅम्पकर, हे दार मीही लहानपणापासून ऐकत आलोय. असं दार तिथं होतं याचा काही पुरावा नाही, ही गोष्ट येशूच्या काळानंतर कित्येक शतकांनी पुढे आलेली आहे. शिवाय शिष्यांचं पुढचं वाक्य वाचा. ते थक्क होऊन विचारतात, मग तारण कुणाचं होणार? ओझं उतरवून उंट जात असता तर त्यात थक्क व्हायला काय होतं? 'माणसाला हे अशक्य, देवाला नाही' हे उत्तर आहे तिथं. यहूद्यांच्या बाबिलोनी तल्मूदात तर उंटाच्या जागी हत्ती आहे. अशक्य गोष्ट सांगायची ती त्यांची रीत.

मलप्रभा
हत्ती सुईतून जाईल की नाही माहीत नाही, पण दांडेलीकडून खानापुरात येऊन उसात बरोबर जातो.

शहापुरी
@मलप्रभा 😂 वनखात्याला दार कुठलं ते सांगा.

उद्यमबागी
थोडं गंभीर लिहितो, राग मानू नका.

धनाचा मोह, धनाचा मोह हे ऐकून माझे कान किटलेत. आमचा आजा गावकुसाबाहेरचा. मिशननं त्याला अक्षर दिलं, शर्ट दिला. बाप फाउंड्रीत साच्याच्या वाळूत राबला, संध्याकाळी थुंकला तरी काळं पडायचं. माझ्या पिढीत पहिल्यांदा घरात स्वतःच्या नावावर काहीतरी आलं, दोन लेथ आणि शेडचं भाडं. आणि रविवारी पुलपिटावरून मला सांगतात संपत्तीपासून जप. सांगणाऱ्याच्या घरी तीन पिढ्या पेन्शन आहे. जे कधी हातातच आलं नाही त्याचा मोह सोडा म्हणायचं, हे भुकेल्याला उपासाचं महत्त्व सांगितल्यासारखं झालं. तिमथ्याच्या पत्रातही पैसा वाईट असं लिहिलेलं नाही, पैशाचा लोभ असं आहे. जमीनवाल्या भावाला माझं सांगणं, पोरांचं शिक्षण, म्हातारपणाची सोय आधी बघ. देव उपाशी नाही.

कॅम्पकर
+१. हेच मला म्हणायचं होतं, दारामुळं फसलो.

रविवारची_घंटा
@उद्यमबागी, मनाला लागलं. पण येशूनं दाखवलेल्या त्या विधवेकडे दोनच दमड्या होत्या, त्या तिनं मंदिराच्या पेटीत टाकल्या. तिला कुणी 'आधी सोय बघ' म्हटलं नाही.

उद्यमबागी
म्हणायला हवं होतं. मार्क १२ मध्ये तिच्या आधीच्या दोन ओळी वाचा ताई. शास्त्री लोक विधवांची घरं गिळतात, हे सांगून झाल्यावर लगेच ही विधवा येते. मला तर ती गोष्ट कौतुकाची कमी आणि चिडल्यागत जास्त वाटते.

दोन_दमड्या
माझं नाव त्या गोष्टीवरून घेतलंय आणि हे कधी ध्यानात आलं नव्हतं. विचार करतो.

जुनी_हिंडलगा
बेळगावातल्या मेथडिस्टांना आपल्या पंथाच्या संस्थापकाची, वेस्लीची, आठवण करून देते. इथलं काम लंडन मिशननं १८२० साली सुरू केलं आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आलं, त्यामुळं वेस्ली आपल्या घरचाच. पैशावरच्या त्याच्या प्रवचनात तीनच गोष्टी आहेत: जमेल तेवढं मिळवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. पहिल्या दोन सगळ्यांना पाठ असतात! स्वतः तो तरुणपणी वर्षाला ३० पौंड मिळवायचा तेव्हा २८ त भागवायचा आणि २ द्यायचा. मिळकत ६० झाली तरी खर्च २८ च, ३२ वाटून टाकले. म्हणजे त्याच्या हिशेबात ठरलेला आकडा देण्याचा नव्हता, खर्चाचा होता.

आमच्या आज्जीला कानडी म्हणाल तर दोनच शब्द येत, बेकु आणि साकु. हवं आणि पुरे. बाजारात तेवढ्यावर तिचं निभायचं. पहिला शब्द तिच्या तोंडून क्वचितच ऐकला, पानात दुसरी भाकरी पडायच्या आतच 'साकु, साकु' चालू.

मलप्रभा
नीतिसूत्रांत जळवेच्या दोन मुली आहेत बघा, दोघी 'दे, दे' म्हणतात (३०:१५). कणकुंबीकडं पावसात गेलात तर पायाला भेटतील दोघी. चिकटताना कळत नाही, मोजा काढल्यावर रक्त दिसतं.

आणि त्याच अध्यायात वरती आगूराची प्रार्थना आहे. दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, पोटापुरतं दे. ती म्हणताना कुणाला ऐकलं नाही मी आजवर.

वारीवाला
मी ख्रिस्ती नाही, पण धागा सोडवेना म्हणून लिहितो. तुकोबांनी घरच्या सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. त्यात एक गोष्ट लोक विसरतात. खतं दोघा भावांची होती. भावाच्या वाट्याची त्याला देऊन आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. दुसऱ्याच्या वाट्याचा वैराग्यभाव त्यांनी दाखवला नाही.

तुमच्यातले रेव्हरंड टिळकही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून मोकळे झाले.

जुनी_हिंडलगा
@वारीवाला, या, बसा. आणि टिळक सोडून मोकळे झाले हे खरं, पण पुढचा महिना कसा काढायचा हे त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना विचारायला हवं होतं.

दोन_दमड्या
वारीवाल्यांच्या 'वाट्या'वरून आठवलं. @मार्कंडेयकाठ, तुम्ही गेले दोन दिवस गप्प आहात. प्रेषितांची कृत्ये ५ मधले हनन्या आणि सप्पीरा जमीनच विकतात. पेत्र त्यांना काय म्हणतो? जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे सगळं द्यायलाच हवं अशी सक्ती नव्हती. थोडं ठेवून सगळं दिल्याचं सोंग केलं, त्यावरून दोघं पडून मेले. दहा टक्के की पाच याच्या आधी सीए वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर द्या ना.

मार्कंडेयकाठ
वाचत होतो सगळं. ड्युटी होती, आणि लिहायला धीरही होत नव्हता.

वहिनी, सगळा मिळूनचा. खतावर साधारण चाळीस टक्के, बाकी रोख. पार्टी म्हणाली सगळेच असं करतात, आणि करतातच. दादानं तर हिशेब केला होता की दशमांश खतावरच्या रकमेचा चेकनं देऊ, रोखीचं कुणाला सांगायचं नाही. मी त्याला हो म्हटलं होतं. म्हणून झोप लागत नव्हती.

सीए_वहिनी
जमिनीच्या व्यवहारात वीस हजारांवर रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, आणि तो घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. पार्टी हे सांगणार नाही. अध्यात्म तुमच्याकडे ठेवा, पण हे दादांना जरूर दाखवा.

तंबाखूपंढरी
आता दादाला हनन्यापेक्षा वहिनींची भीती जास्त वाटंल.

जुनी_हिंडलगा
अजून एक विचारते. 'दादा' आणि 'मी' एवढंच आलंय. घरात बहीण नाही?

मार्कंडेयकाठ
आहे. धाकटी. खानापूर तालुक्यात दिलीय. तिला लग्नात दिलं होतं की. दादा म्हणतो हक्कसोडीवर सही घेऊ, ती नाही म्हणायची नाही.

जुनी_हिंडलगा
ती नाही म्हणणार नाही, हे तर मलाही दिसायलंय. पण आपल्याला लागू होतो तो १९२५ चा वारसा कायदा, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. आई आहेत का?

मार्कंडेयकाठ
आई तीन वर्षांपूर्वी गेली. मृत्युपत्र कुणाचंच नाही.

जुनी_हिंडलगा
मग तिघांत सारखं. तिच्या वाट्यातून तुम्ही बाबांच्या नावाची पाटी लावणार होता. मार्क ७ मधलं कुर्बान काढून वाचा. आईबापांना द्यायचं ते 'देवाला वाहिलं' म्हणून सांगायचं आणि हात झटकायचे. शास्त्री-परुशी तेच करत होते, पुदिना-शेप-जिऱ्याचा दशमांश मोजणारे.

कडक लिहिलं असेल तर माफ करा. माझी सही अशीच घेतली होती. १९९४ साली, भावाच्या घरी जेवायला बोलावून. श्रीखंड होतं.

उद्यमबागी
काकू 🙏

शहापुरी
यावर विनोद सुचत नाही.

रविवारची_घंटा
@मार्कंडेयकाठ, मी वर 'सगळ्या रकमेवर द्या, मोकळे व्हा' लिहिलं होतं. ते परत घेते. आधी बहिणीकडे जाऊन या.

(पाच आठवड्यांनी)

मार्कंडेयकाठ
धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून सांगतो.

दादाला सगळं दाखवलं. पहिल्यांदा तो वहिनींच्या दंडावर बोलला, मग काकूंच्या पोस्टवर म्हणाला, कोण बाई आहे ही, आपल्या घरात कशाला बोलते. मग आठ दिवस बोलणं बंद. मी पार्टीला सांगितलं, पूर्ण रक्कम बँकेतून आणि खतावर तिघांची नावं. ते म्हणाले मग दर खाली येईल. किती खाली ते ऐकून मलाच परत एकदा वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. खोटं कशाला सांगू. पार्टी सध्या थांबलीय, दुसरीकडं जमीन बघायलेत असं कळलं.

मागच्या रविवारी आमच्यात कापणीचा सण झाला. कुणी भाताच्या ओंब्या आणल्या, कुणी ऊस, केळीचा घड, गावठी कोंबडा, एकीनं तर घरची बारा अंडी. उपासना झाल्यावर अंगणात लिलाव. ताई आली होती, माहेरची मंडळी म्हणून दरवर्षी येतेच. परसातला भोपळा आणला होता तिनं, मांडीवर घेऊन बसमधून आलेली, साडीला देठाचा डाग. लिलाव पुकारणारे आमचे खजिनदार तोंडाचे भारी, शंभरावरून सुरू केलं. मी दोनशे म्हटलं. पाठीमागून पाचशे आलं. वळलो तर दादा. मी सातशे, तो हजार. लोक हसायला लागले, दोघा भावांनी एकाच घरचा भोपळा कशाला ओढायचा म्हणून. ताई 'अरे पुरे, पुरे' म्हणत होती. मी बावीसशेवर थांबलो, खिशात तेवढेच होते. दादानं तेवीसशेला घेतला.

तो भोपळा त्यानं नेऊन पाळकांच्या पायरीवर ठेवला. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, 'सोमवारी वकिलाकडं ये. तिला पण घेऊन ये.' गेलो होतो तिघं. हक्कसोड फाडलेली नाही, पण सहीही झाली नाही. वकिलांनी वाटणीचा मसुदा करायला घेतलाय. पाटीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

सीए_वहिनी
२००१ च्या मूल्यांकनाचं विसरू नका.

उद्यमबागी
भाऊ, दर कमी झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नको असं म्हणणार होतो, पण वाटणारच. मलाही वाटलं असतं.

दोन_दमड्या
मूळ प्रश्न राहिलाच की. जमिनीवर दशमांश लागतो का?

मार्कंडेयकाठ
जमीन विकलीच नाही अजून. कशाचा काढू?

तंबाखूपंढरी
भोपळ्याचा. २३० रुपये. दादाकडून वसूल करा.

जुनी_हिंडलगा
भोपळ्याचं पुढं काय झालं ते सांगा आधी.

मार्कंडेयकाठ
पाळकबाईंनी घारग्या केल्या. आमच्याकडं डबा आला बुधवारी, दादाकडंही. ताईचा डबा माझ्याकडं ठेवलाय, खानापूरच्या बसला कुणी जाणारं असेल तर सांगा.

मलप्रभा
उद्या दुपारी मी आहे बेळगावात. स्टँडवर द्या. एखादी कमी भरली तर विचारायचं नाही.